विजेच्या गाडीची निगा

बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या मुलखाचे दोन भाग मानतात : एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने हे दोन भाग पाडले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके घाटावर. तर मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली. बुलढाणा शहराची हवा विदर्भाच्या मानाने थंड समजली जाते. घाटाखाली मात्र मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत सहज चढतो. पुढे मृगाचा पाऊस आला म्हणजे हीच कोरडी हवा दमट होते, काळ्या मातीचा चिखल होतो आणि ओढेनाले दुथडी भरून वाहू लागतात.

एके काळी या मुलखातील कापूस बैलगाड्यांतून खामगावच्या बाजारपेठेत येत असे. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला. त्यानंतर मोटारी आल्या, एस. टी. आली. आता त्याच रस्त्यांवरून धूर न सोडणारी व फारसा आवाज न करणारी विजेची गाडी धावताना दिसू लागली आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली होती. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ नावाची विजेवर चालणारी बस धावू लागली. चौऱ्याहत्तर वर्षांत प्रवासाच्या साधनाने केवढी मजल मारली, ते यावरून दिसते.

परंतु नवी वस्तू घरात आणणे निराळे आणि ती राखणे निराळे. विजेची गाडी घेताना कुटुंबाची पुष्कळ वर्षांची बचत खर्ची पडते, आणि तिच्या किमतीतील मोठा वाटा एकट्या बॅटरीचा असतो. ती बॅटरी पुष्कळ वर्षे टिकेल की थोड्याच वर्षांत दमेल, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. म्हणून आपल्यासारख्या उष्ण आणि पावसाळ्यात दमट होणाऱ्या प्रदेशात या गाडीची निगा कशी राखावी, हे समजून घेऊ या.

प्रथम ही गाडी चालते कशी ते पाहू. तुमच्यापैकी पुष्कळांनी विहिरीवरची मोटर पाहिली असेल. कळ दाबताच ती फिरू लागते. विजेच्या गाडीची चाकेही अशाच, पण अधिक सुबक मोटरने फिरतात. तिला वीज पुरवणारी बॅटरी गाडीच्या तळाशी एखाद्या सपाट पेटीसारखी बसवलेली असते. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या विजेपैकी शेकडा ९०च्या आसपास कामी लावते.

वीज आपण युनिटमध्ये मोजतो. १००० वॅटचे उपकरण एक तास चालवण्यास एक युनिट वीज लागते. मध्यम आकाराच्या गाडीच्या बॅटरीत ४० युनिट वीज मावते आणि एका युनिटमध्ये गाडी ७ किलोमीटर जाते असे धरले, तर बॅटरी पूर्ण भरल्यावर ती २८० किलोमीटर जाईल, हा हिशेब तुम्ही तोंडीही करू शकाल.

ही कल्पना अगदी नवी आहे असे मात्र समजू नका. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातील पहिली मोटारगाडी विजेवरच चालणारी होती. १८९९ मध्ये कामिय जेनात्झी या बेल्जियन चालकाने हा विक्रम फ्रान्समध्ये केला. परंतु त्या काळच्या शिशाच्या बॅटऱ्या अतिशय जड होत्या आणि त्यांत वीज थोडीच मावे. त्यामुळे पेट्रोलच्या गाड्यांनी बाजी मारली. पुढे लिथियम या अत्यंत हलक्या धातूचा उपयोग करून बॅटरी तयार करण्यात आली, तेव्हा विजेच्या गाडीचे भाग्य पुन्हा उजळले. या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते.

लिथियम बॅटरीत अनेक लहान घट एकत्र जोडलेले असतात. प्रत्येक घटाला दोन बाजू असतात. बॅटरी भरताना लिथियमचे विद्युतभारित कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात, आणि गाडी चालू लागली की ते परत फिरतात. झोपाळ्यासारखी ही ये-जा हजारो वेळा होऊ शकते. मात्र घटात या उपयुक्त क्रियेबरोबर काही नको असलेल्या क्रियाही हळूहळू चाललेल्या असतात. त्यांच्यामुळे दर वर्षी थोडे थोडे लिथियम अडकून पडते आणि बॅटरीत मावणारी वीज कमी होते. हेच बॅटरीचे म्हातारपण होय.

आता उन्हाचा संबंध कोठे येतो, तो पाहा. हिवाळ्यात सकाळी काढलेले दूध न तापवताही बराच वेळ चांगले राहते. वैशाखात तेच दूध दुपारच्या आत नासते. याचे कारण असे, की उष्णता वाढली म्हणजे रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये याचे गणित मांडले. तापमान १० अंशांनी वाढले की पुष्कळशा रासायनिक क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम सांगतात. बॅटरीतील नको असलेल्या क्रियाही याला अपवाद नाहीत. माणसाला जी हवा सुखावह वाटते, साधारण तीच बॅटरीलाही मानवते. भर उन्हात तासन् तास तापत राहिलेली बॅटरी अकाली वृद्ध होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आपले शेतकरी बैलाची निगा कशी राखतात? उन्हाळ्यात ते सकाळी लवकर औत धरतात आणि ऊन चढले की बैल सोडून निंबाच्या सावलीत बांधतात. धापा टाकणाऱ्या बैलापुढे लगेच वैरणीचा भारा टाकत नाहीत. त्याला आधी दम घेऊ देतात. त्याला उपाशीही ठेवत नाहीत. सावली, विसावा आणि बेताचा चारा ही ती त्रिसूत्री होय. विजेच्या गाडीलाही हीच त्रिसूत्री लागू पडते.

पहिले सूत्र सावलीचे. गाडी झाडाखाली, पडवीत किंवा छपराखाली उभी करावी. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील हवा तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे २० अंशांनी अधिक तापू शकते. म्हणजे बाहेर ४२ अंश असतील, तर आत ६० अंशांहून अधिक! मुलांनो, अशा बंद गाडीत खेळण्यासाठी कधीही शिरू नका, आणि लहान भावंडांना वा पाळीव प्राण्याला क्षणभरही आत ठेवू नका. असा प्रकार जिवावर बेतू शकतो, मग गाडी विजेची असो की पेट्रोलची.

दुसरे सूत्र विसाव्याचे. उन्हातून लांबचा पल्ला मारून आल्यावर बॅटरी तापलेली असते. शक्य असेल तर गाडी थोडा वेळ सावलीत उभी ठेवावी आणि मगच चार्जिंगला लावावी. रस्त्यावरील जलद चार्जिंग केंद्रात थोड्या वेळात भरपूर वीज आत लोटली जाते. त्यामुळे बॅटरी अधिक तापते. प्रवासात ही सोय फार उपयोगाची आहे, पण ती रोजची सवय करू नये. घरचे संथ चार्जिंगच बॅटरीला अधिक मानवते. ते उत्तररात्री किंवा पहाटे, हवा निवलेली असताना करावे. घरच्या साधनातून तासाला सुमारे ३ युनिट वीज मिळाली, तरी पाच तासांत १५ युनिट भरतात. गावातल्या आणि आसपासच्या फेऱ्यांना तेवढी वीज पुरते.

तिसरे सूत्र बेताच्या चाऱ्याचे. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना किंवा अगदी रिकामी असताना तिच्यावर ताण पडतो. काठोकाठ भरलेली बॅटरी उन्हात तापत राहणे, हे तर सर्वांत वाईट. म्हणून रोजच्या वापरात ती शेकडा २० ते ८० यांच्या दरम्यान ठेवावी. लांब जायचे असेल त्याच दिवशी, निघण्याच्या सुमारास पूर्ण भरावी. लोह आणि फॉस्फेट वापरून केलेल्या बॅटऱ्यांना मात्र अधूनमधून पूर्ण भरण्याची गरज असते. आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका कपाटात ठेवण्यासाठी नसून वाचण्यासाठी असते! सुट्टीत महिनाभर परगावी जायचे झाल्यास बॅटरी निम्मी भरलेली ठेवून जावे.

बेताच्या चाऱ्याचे महत्त्व आपल्या घाटात फार चांगले कळते. मलकापूरहून राजूर घाट चढून बुलढाण्यास येताना गाडीला सुमारे ४०० मीटर उंची गाठावी लागते. दीड टन वजनाची गाडी एवढी उचलण्यास, सपाट रस्त्यावर लागते त्याहून, सुमारे १.६ युनिट वीज जास्त खर्ची पडते. मौज अशी, की उतरताना यातला बराचसा भाग परत मिळतो. उतारावर चाकेच मोटरला फिरवतात. मग तीच मोटर जनित्र बनून बॅटरीत वीज भरू लागते. त्याबरोबर गाडीचा वेगही आवरला जातो आणि ब्रेक कमी झिजतात. परंतु बुलढाण्यात बॅटरी काठोकाठ भरून लगेच घाट उतरू लागलात, तर परत येणाऱ्या विजेला आत जागाच नसते. अशा वेळी गाडी आवरण्याचा सारा भार नेहमीच्या ब्रेकवर पडतो. भरल्या घागरीत आणखी पाणी कसे मावणार? म्हणून घाटावरून निघताना बॅटरीत थोडी जागा राखून ठेवणे, हेच शहाणपणाचे.

उन्हाळ्यात गाडी गार ठेवणारे यंत्रही वीज खाते. ते तासाला दीड युनिट वीज घेते असे धरा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला चालण्यासाठी तासाला सुमारे ७ युनिट लागतात. त्यात हे दीड युनिट मिळवले, की २८० किलोमीटरचा पल्ला सुमारे २३० किलोमीटरवर येतो. म्हणून गारवा नकोच, असे नव्हे. गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच आतील हवा गार करून घ्यावी. म्हणजे तो खर्च बॅटरीवर पडत नाही. वेगाचाही असाच हिशेब आहे. वेग दुप्पट झाला, की हवेचा अडथळा चौपट होतो. मुंबई व नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातील मेहकर व सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. तो ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. अशा मोकळ्या रस्त्यावर पाय आवरता घेणारा चालक वीजही वाचवतो आणि जीवही सांभाळतो.

बॅटरी थंड राखण्यासाठी पुष्कळ गाड्यांत एक विशिष्ट द्रव नळ्यांतून फिरत असतो. त्याची पातळी उन्हाळ्यापूर्वी तपासून घ्यावी. ती कमी झाली, तर विहिरीचे वा नळाचे पाणी ओतू नये. त्यातील क्षार नळ्यांत साचतात. उत्पादकाने सांगितलेला द्रवच वापरावा, आणि तो जाणत्या कारागिराकडून भरून घ्यावा. बॅटरीमुळे ही गाडी जड असते, म्हणून टायरही लवकर झिजतात. त्यांतील हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. दुपारी तापलेल्या टायरमधील हवेचा दाब अधिक दिसतो. तो पाहून हवा सोडून देणे चूक आहे. याखेरीज दिवे, कुलपे व इतर लहान कामांसाठी गाडीत १२ व्होल्टची आणखी एक छोटी बॅटरी असते. ती बिघडली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. तिचीही वेळोवेळी तपासणी करावी.

आता पावसाळ्याकडे वळू. पाणी आणि वीज यांचे वैर आपण लहानपणापासून ऐकतो. मग पावसात विजेची गाडी चालते कशी? तिची बॅटरी हवाबंद पेटीत असते. पुष्कळ गाड्यांच्या बॅटरीवर ‘आय. पी. ६७’ असा शेरा असतो. त्यातील ६ हा अंक धूळ आत जात नाही असे सांगतो, तर ७ हा अंक एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवूनही अपायकारक प्रमाणात पाणी आत शिरत नाही, असे सांगतो. तथापि ही कसोटी स्वच्छ आणि स्थिर पाण्यातील असते. पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते गुडघाभर आहे की कमरेइतके, रस्ता आहे की खचला, हे वरून कळत नाही. पुराला गाडी विजेची आहे की पेट्रोलची, हे ठाऊक नसते. तो दोघींनाही सारखाच वाहून नेतो. म्हणून पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे.

दमट हवेत धातू गंजतो. विजेच्या गाडीत ब्रेकचा वापर कमी होत असल्यामुळे त्यांच्या चकत्यांवर पावसाळ्यात गंज चढतो. तो जाण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, मधूनमधून ब्रेक दाबावेत. चार्जिंगचे तोंड कोरड्या फडक्याने पुसूनच त्यात जोडणी करावी. ओल्या हातांनी जोडणीस स्पर्श करू नये. चाकांच्या वर चिकटलेला काळ्या मातीचा चिखल साध्या पाण्याने धुऊन काढावा. पण चार्जिंगच्या तोंडावर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये. पाऊस आला की उंदीरही गाडीत आसरा शोधतात आणि तारा कुरतडतात. म्हणून गाडीजवळ धान्याची पोती वा उष्टे-खरकटे ठेवू नये.

मुलांनो, आणखी एक खूण लक्षात ठेवा. या गाडीतील जाड, नारिंगी रंगाच्या तारांतून शेकडो व्होल्ट दाबाची वीज वाहते. त्यांना हात लावणे हे केवळ शिकलेल्या कारागिराचेच काम. उंदराने अशी तार कुरतडलेली दिसली, तर घरातील मोठ्या माणसांना ताबडतोब सांगा.

घरी चार्जिंगची व्यवस्था करताना भूतारेकडे, म्हणजेच आपण ज्याला ‘अर्थिंग’ म्हणतो त्याकडे, फार थोडे लोक लक्ष देतात. यंत्रात बिघाड होऊन वीज बाहेरच्या पत्र्यात उतरली, तर तिला जमिनीत जाण्यास सुरक्षित वाट हवी. ती वाट म्हणजे भूतार. ही तार जमिनीतील खड्ड्यात पुरलेल्या पत्र्याला किंवा नळीला जोडलेली असते. ओलसर माती वीज चांगली वाहून नेते. कोरडी माती नेत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत जमीन भेगाळते आणि हा खड्डाही कोरडा पडतो. म्हणून उन्हाळ्यात त्यात नियमाने पाणी घालावे. झाडाला पाणी घालताना एक तांब्या या खड्ड्यातही घातला, तर त्या एका तांब्याने कोणाचा जीव वाचेल हे सांगता येत नाही. लांबवरून ओढलेल्या, जोड दिलेल्या वायरने गाडी चार्ज करू नये. अशी वायर तापून पेट घेऊ शकते. चार्जिंगसाठी मीटरपासून जाड तारेची स्वतंत्र जोडणी आणि गळती होताच वीज तोडणारी कळ बसवून घ्यावी.

२०२२ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत पुण्यासह देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटरनी पेट घेतला. त्यानंतर केंद्र शासनाने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडक केले. असे प्रसंग नित्याचे नसले, तरी सावध राहणे बरे. गाडीतून धूर येऊ लागला, फसफस ऐकू आली किंवा उग्र वास आला, तर वस्तू वाचवण्यासाठी मागे न राहता सर्वांनी लांब जावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

निगा राखण्यात पूर्वतयारीही येते. आपल्या विदर्भातील नागपूर शहरात मे २०१७ मध्ये विजेच्या टॅक्सी, रिक्षा आणि बस असा एक मोठा प्रयोग सुरू झाला. देशात तो त्या प्रकारचा पहिलाच होता. परंतु चार्जिंगची केंद्रे थोडी होती. चालकांना तेथे तासन् तास रांगेत थांबावे लागे आणि तेवढा रोजगार बुडे. पुढच्याच वर्षी त्यांच्यापैकी काहींनी विजेच्या गाड्या परत करून डिझेलच्या गाड्या घेतल्या. यंत्र चांगले होते. पण त्याच्या वैरणीची सोय अपुरी पडली. गोठा बांधण्यापूर्वी बैल विकत आणू नये, हा जुना व्यवहार येथेही खरा ठरला.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. ही गाडी स्वतः धूर सोडत नाही. पण तिला लागणारी वीज कोठून तरी यावी लागते. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे वीज निर्माण होते, ती कोळसा जाळून. महाराष्ट्रातील पुष्कळशी वीज अजूनही कोळशापासूनच मिळते. म्हणजे धूर आपल्या दारातून गेला, तरी जगातून गेला असे होत नाही. यावर एक उपाय आपल्या डोक्यावरच तळपत असतो. घराच्या छपरावर ३ किलोवॅटच्या सौर पट्ट्या बसवल्या, तर दिवसाला सुमारे १२ युनिट वीज मिळते. एवढ्या विजेवर गाडी ८० किलोमीटरहून अधिक जाईल. त्याच पट्ट्या गाडीवर छप्पर म्हणून उभारल्या, तर सावलीही मिळते आणि वीजही. जे ऊन बॅटरीचे वैरी, तेच अशा रीतीने तिचे पोषण करते.

यंत्रे बदलतात, ती बदलतच राहणार. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या आजोबांना लिथियमचे नाव ठाऊक नव्हते. पण जे आपल्यासाठी राबते त्याला सांभाळावे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आज आपल्याजवळ विज्ञानाचे ज्ञान आहे. त्याला त्यांच्या त्या काळजीची जोड मिळाली, तर घाट चढणारी ही नवी गाडी पुष्कळ वर्षे आपली सोबत करील.

शब्दार्थ

निगा राखणे – काळजी घेणे, सांभाळ करणे.
मजल मारणे – मोठी प्रगती करणे.
घट – वीज साठवणारा बॅटरीचा एक भाग.
ढोबळ – स्थूल, अंदाजाचा.
औत धरणे – नांगर, वखर इत्यादींनी शेतात काम सुरू करणे.
त्रिसूत्री – तीन मुख्य नियमांचा समूह.
जनित्र – वीज निर्माण करणारे यंत्र.
भूतार – वीज जमिनीत नेणारी तार.
आस – ज्यावर चाक फिरते तो दांडा.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) बॅटरीचे ‘म्हातारपण’ म्हणजे काय?
(आ) बुलढाण्याहून घाट उतरताना बॅटरी काठोकाठ भरलेली का नसावी?
(इ) उन्हाळ्यात भूतारेच्या खड्ड्यात पाणी का घालावे?

२. बैलाची निगा आणि विजेच्या गाडीची निगा यांतील साम्य तुमच्या शब्दांत दहा ओळींत लिहा.

३. कारणे द्या.
(अ) टायरमधील हवा सकाळी मोजावी.
(आ) विजेच्या गाडीच्या ब्रेकच्या चकत्या पावसाळ्यात गंजतात.
(इ) नागपुरातील काही चालकांनी विजेच्या गाड्या परत केल्या.

४. हिशेब करा. एका गाडीच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते. ती शेकडा ८० भरली आहे आणि शेकडा २० पर्यंत वापरावयाची आहे. एका युनिटला ७ किलोमीटर या हिशेबाने गाडी किती किलोमीटर जाईल?

५. पुढील वाक्प्रचार वाक्यांत वापरा : बाजी मारणे, भाग्य उजळणे, दम घेणे, जिवावर बेतणे.

६. तुमच्या घरातील एखादे यंत्र (पंखा, सायकल, शिलाईयंत्र किंवा विहिरीवरची मोटर) निवडा. त्याची निगा कोण व कशी राखते, हे घरी विचारून लिहा.